उंबरठ्याचं बटण

चाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कचेरीत कुणी खऱ्या नावानं हाक मारली असती, तर गड्यानं मान वर केली नसती. विमान उडवायला शिकणाऱ्या पोरांसाठी जमिनीवरचं खोटं विमान बनवायची ती कचेरी. खाली गाद्यांचं दुकान, वर एक लांबडा हॉल आणि हॉलच्या मधोमध खोका. लोक त्याला सिम्युलेटर म्हणत, कचेरीतले सगळे खोकाच म्हणत. प्लायवूडचा न् पत्र्याचा. आत शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पुढे घड्याळांची रांग, तिन्ही बाजूंनी पडदे. आत बसून दार ओढून घेतलं की माणसाला वाटावं, आपण आभाळात आहोत. दार उघडलं की खालून नव्या गादीचा वास यायचा आणि माणूस धाडकन जमिनीवर.

कचेरीत प्रत्येकाच्या वाटणीला विमानाचा एकेक अवयव आलेला. एक बाई ढग, वारा, पाऊस बघायची, ती ढगवाली. चाकोबाकडे चाकं. विमान उडालं की जी पोटात ओढून घेतात आणि उतरायच्या आधी परत बाहेर सोडतात, ती चाकं. त्यांचे पाय, पायांतले शॉकअप, टायर, ब्रेक, सगळं त्याचं. हा माणूस झोपेत कूससुद्धा चाकांवर बदलतो, असं त्याची बायको सांगायची, आणि त्या सांगण्यात कौतुक कमी अन् वैताग जास्त असायचा.

चाकांचं वेड बापाकडून आलेलं. बाप लोहार. गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी पट्टीची धाव चढवायची तर त्या मुलखात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चाक तयार झालं की बाप त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. गाडीला जोडायचा, ओझं भरायचा, दगडधोंड्यांवरनं गाडी फिरवायला लावायचा आणि आपण कान देऊन बसायचा. म्हणायचा, चाकाचं खरंखोटं जमिनीला टेकल्यावर कळतं. लेकानं ते बोलणं गाठीला बांधलं. आता गाठीला बांधलेल्या गोष्टीचं असं असतं, की माणूस ती गाठ पुन्हा सोडून बघत नाही.

खोक्यातली चाकं किती खरी असावीत, यावरून मालक आणि चाकोबा यांची कायमची जुंपलेली. मालकाचा हिशेब सरळ होता. चाकांचा लिव्हर खाली केला की तीन चाकांचे तीन हिरवे दिवे लागावेत, विमान टेकलं की जरा हलावं, संपलं. पोरांना उडायला शिकायचंय, पंक्चर काढायला नव्हे. चाकोबा म्हणायचा, मग खोका कशाला, पोरांना खुर्चीत बसवून तोंडानं घर्र घर्र करायला सांगा. ढगवाली मधेच म्हणायची की तिच्या ढगांवरून इतकी भांडणं कधी झाली नाहीत, आणि चाकोबा म्हणायचा, तुझ्या ढगाला कुणी टेकत नाही, बाई.

शेवटी म्हैस पाण्यात बसावी तसा तो त्या कामात बसला आणि उठेचना. आडव्या वाऱ्यात विमान टेकलं तर आधी कुठलं चाक भार घेतं, शॉकअप किती दबतो आणि किती वेळानं वर येतो, तापलेला ब्रेक कसा पकडतो, टायर पहिल्यांदा घासला जातो तेव्हा धूर किती आणि कुठल्या बाजूला जातो. धावपट्टीवरच्या डांबराच्या सांध्यावरनं चाक गेलं की बसणाऱ्याच्या बुडाला कळलं पाहिजे, इथवर त्याची मजल. मालक कपाळाला हात लावून बघत राहिला. मग एक दिवस उड्डाणशाळेतली कॅप्टनबाई, जी पोरांना शिकवायची आणि जिच्या तोंडून कौतुकाचा शब्द दात उपटावा तसा काढावा लागायचा, ती खोक्यात बसली, विमान टेकवलं आणि कमरेला हात लावतच बाहेर आली. म्हणाली, माझ्या मणक्यानं ओळखलं. त्या दिवसापासून मालक गप्प झाला आणि चाकोबाची मान पाव इंच वर गेली.

हे सगळं तपासायचं तर विमान परत परत उतरवायला हवं. पण प्रत्येक वेळी उडायचं, वर जायचं, गोल वळसा घालून मागे यायचं, मग उतरायचं. एका दणक्यासाठी एवढी पायपीट. म्हणून चाकोबानं स्वतःच्या सोयीसाठी एक बटण करून घेतलं. ते दाबलं की विमान एकदम धावपट्टीच्या तोंडाशी, आभाळात तयार. नाक सरळ, चाकं बाहेर, तीन दिवे हिरवे. नुसतं उतरायचं. धावपट्टी जिथे सुरू होते त्या जागेला विमानवाले उंबरठा म्हणतात, म्हणून ते उंबरठ्याचं बटण. खोका बाहेर द्यायच्या आधी ते काढून टाकायचं ठरलं होतं. पण उड्डाणशाळेतल्या पोरांनी ते बघितलं आणि त्यांना ते सोडवेना. एका बसणीत जेवढं उतरून बघायला मिळायचं, तेवढं खऱ्या विमानात महिनाभरात मिळत नाही. कॅप्टनबाईलाही पटलं. बटण राहिलं, आणि पुढे जेवढे खोके गेले तेवढ्यांत गेलं.

त्या बटणावर सगळ्यांत जास्त बोट कुणाचं पडलं असेल, तर भिंगरीचं. चाकोबाच्या थोरल्या बहिणीची ती एकुलती एक पोर. चालायला लागली तेव्हापासून एका जागी ठरली नाही, म्हणून भिंगरी. शाळेत होती तेव्हापासून सुट्टी लागली की मामाच्या कचेरीत. डबा खोक्यातच खायची, सांडायची, आणि मालकानं दटावलं तर म्हणायची की विमानात जेवण देतातच. मामा, अजून एक, मामा, अजून एक, असं करत तिनं उतरण्याचा असा हात बसवला की मांजर भिंतीवरून उतरावं. चाकोबा बाहेरच्या पडद्यावर शॉकअपचा आलेख बघत बसायचा. भिंगरी टेकली की तो आलेख मऊ टेकाडासारखा उठायचा आणि निवायचा. कचेरीतल्या दुसऱ्या कुणाला तो तसा कधी जमला नाही. तोंडावर तो तिला कधी शाबास म्हणाला नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला तो आलेख दाखवायचा.

पोर मोठी झाली आणि त्याच उड्डाणशाळेत शिकायला गेली. बहीण, म्हणजे ताई, तयार नव्हती. नवरा गेल्यापासून तिला कुणाचाही पाय घराबाहेर पडलेला सोसत नसे, आणि ही तर आभाळात निघालेली. मामानंच मध्ये पडून तिला तयार केलं. आधी भिंगरी साध्या विमानावर शिकली, ज्याची चाकं कायमची बाहेरच असतात. मग चाकं आत घेणाऱ्या विमानावर, शेजारी कॅप्टनबाई बसवून. मग एका सकाळी कॅप्टनबाई उतरली, दार लावलं आणि म्हणाली, आता तू एकटी.

त्या दिवशी दुपारी चाकोबा टायरच्या धुराचा रंग बघत होता. तो जरा जास्तच पांढरा वाटत होता. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई एरवी फोनवर आधी ओरडायची, मग बोलायची. त्या दिवशी ती हळू बोलली.

"ती बरी आहे," ताई म्हणाली. "विमान पोटावर उतरलं."

चाकोबाला ते वाक्य कळेना. शब्द सगळे ओळखीचे होते, पण मिळून त्यांचा अर्थ लागेना. त्यानं वेड्यासारखं विचारलं, "आणि चाकं?"

ताईनं फोन ठेवला.

तो ताईच्या घरी पोचला तेव्हा भिंगरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. खालचा ओठ फुटून सुजलेला, बाकी अंगावर ओरखडा नाही. उजवा हात तिनं टेबलावर पालथा ठेवला होता आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, जसा तो दुसऱ्या कुणाचा हात असावा आणि विसरून राहिला असावा. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि त्याखाली काहीच नव्हतं.

काय झालं ते तुकड्यातुकड्यानं कळलं. आकाश स्वच्छ, वारा नाही. भिंगरीनं वळसा बरोबर घातला, उंची बरोबर, वेग बरोबर. चाकं न सोडता खाली येऊ लागलं की विमानात एक भोंगा वाजतो, तो वाजला. तो तिला ऐकू आला, पण कानाला त्याची ओळख पटेना, कारण तो तिनं कधी ऐकलाच नव्हता. खाली उभा असलेला मेकॅनिक दोन्ही हात हलवत धावत आला. तिला वाटलं, पहिली एकटीची खेप म्हणून शाबासकी देतोय. आणि मग ती उतरली. बघणारे सांगत होते की इतकं अलगद कुणी उतरलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. विमानाचं पोट धावपट्टीवर घासत गेलं, पंख्याची पाती वाकून केळीच्या सालीसारखी मागे वळली, आणि ते गवतात जाऊन तिरकं थांबलं.

 चाकोबानं तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं की लिव्हर ओढायचा राहिला, की अडकला.

भिंगरीनं हातावरची नजर काढली नाही. "मामा," ती म्हणाली, "चाकं खालीच असतात ना."

ताईनं नळ बंद केला. ती वळली आणि म्हणाली, पोरीला धक्का बसलाय, काहीबाही बोलतेय, तू निघ आता, तुझ्या खेळण्यानंच हिला नादी लावलं. यातलं काही चाकोबाला ऐकू गेलं नाही. पोर काहीबाही बोलत नव्हती. उंबरठ्याच्या बटणावर चाकं खालीच असतात. त्यानं स्वतः तशी ठेवली होती. तो उठला, दारातल्या चपला उलट्यासुलट्या पायांत घातल्या आणि तसाच गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, तेव्हा कुठे बोटांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोक्यात शिरला. बटणाला हात लावला नाही. विमान जमिनीवरून उडवलं, चाकं आत घेतली, वळसा घातला आणि उतरायला आला. खोक्यातला भोंगा वाजायला लागला. त्यानं लिव्हरला हात लावला नाही. त्याला बघायचं होतं की भिंगरीसारखं झालं तर खोका काय करतो. आणि खुर्चीत अंग आवळून बसताना त्याच्या ध्यानात आलं की हे आपण आजवर कधी बघितलंच नाही.

विमान टेकलं. शॉकअप दबले, वर आले. टायर किरकिरले. डांबराच्या सांध्यावरनं चाक गेलं ते बुडाला कळलं. विमान झोकात धावलं, ब्रेक लागले, थांबलं. अगदी सुरेख उतरणं.

समोर तिन्ही दिवे विझलेले होते. चाकं पोटात होती.

  मग चाकोबानं तेच उतरणं बाहेरून कसं दिसतं ते पडद्यावर लावलं आणि ढगवालीला हाक मारली. ती चहाचा कप घेऊन आली आणि कप हातातच राहिला. पडद्यावर ते विमान जमिनीपासून हातभर वर, अधांतरी धावत होतं. खाली चाक नाही, काही नाही. आणि त्या रिकाम्या जागेतून, बरोबर जिथे टायर असायला हवे होते तिथून, रबराचा पांढरा धूर निघत होता. चाकोबानं आदल्या दिवशी ज्याचा रंग पारखला होता, तोच धूर.

"हे काय भूत आहे?" ढगवाली म्हणाली.

भूत नव्हतं. सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच चाकोबाच्या अंगावर काटा आला. लिव्हर ओढला की दिवे लागायचे आणि चित्रातली चाकं हलायची, एवढंच. जमीन किती खाली आहे ते मात्र खोका चाकांच्या टोकापासून मोजायचा, कायम. चाकं बाहेर आहेत की पोटात, हे विचारायची ओळच त्यानं प्रोग्रॅममध्ये लिहिली नव्हती. चाक टेकल्यावर काय होतं यातला एक केसही त्यानं सोडला नव्हता, पण टेकायला चाक आहे का, हे विचारायचं राहिलं होतं. आणि कचेरीत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळेच बटण दाबून उतरायचे. तिथे चाकं खालीच असायची.

त्यानं तिथूनच भिंगरीला फोन लावला. बटण न दाबता कधी पूर्ण वळसा घेऊन उतरलीस का, एवढंच विचारलं. कधीकधी घेतला की, ती म्हणाली. आणि लिव्हर? त्यानं विचारलं. "एखाद्या वेळी राहायचा. पण विमान उतरायचं, मामा. मला वाटायचं, शेवटी आपोआप येत असतील. भोंगा वाजायच्या आत तू आवाज बंद करून ठेवलेला असायचास, ढगवालीमावशीचं डोकं दुखतं म्हणून."

ढगवाली बाजूलाच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मालकाला दाखवलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं दार लावून घेतलं. पहिलं बोलला ते असं, की हे या खोलीच्या बाहेर जायला नको, पुढच्या खेपेला दुरुस्ती गुपचूप घालून टाकू, अपघाताचा आपल्याशी काही संबंध कुणी लावलेला नाही. चाकोबानं वाद घातला नाही. तो वाद घालायचा तेव्हा त्याचा आवाज चढायचा. त्या दिवशी तो चढला नाही.

"मालक, आत्ता कुठेतरी एखादं पोर खोक्यात बसून चाकांशिवाय उतरतंय," तो म्हणाला. "आणि आपला खोका त्याला शाबास म्हणतोय."

मालकानं फोन उचलला, ठेवला, परत उचलला. मग बसल्या बैठकीला एकेका शाळेला कळवून टाकलं की खोका आजपासून बंद ठेवा. प्रत्येकाला कारण सांगितलं. दोनतीन फोननंतर त्याचा आवाज बसला, तरी उरलेले त्यानं दुसऱ्याकडे दिले नाहीत.

उड्डाणशाळेत तोवर भिंगरीचं काय करायचं ते जवळपास ठरलं होतं. चाकं सोडायला विसरणारी पोर, ती उद्या आणखी काय विसरेल, असं सगळ्यांचं म्हणणं. कॅप्टनबाईचंही. चाकोबानं तिला कचेरीत बोलावलं आणि काही न सांगता खोक्यात बसवलं. एवढंच म्हणाला की लिव्हरला हात न लावता उतरा.

बाई उतरली. खोक्याचं दार उघडून पायरीवर बसली. चाकोबा तिची वाट बघत उभा. त्याला वाटलं, आता ही आपल्याला फाडून खाईल. पण बाई बोलली ते वेगळंच.

"चूक तिचीच आहे. हात तिचा होता, भोंगा तिच्या कानाशी वाजत होता." मग म्हणाली, "मी शेजारी बसायचे तेव्हा दर वळशाला मी 'चाकं' म्हणायचे. दर वळशाला. तिनं विसरायच्या आत मीच म्हणायचे. पहिल्यांदा मी नव्हते, आणि पहिल्यांदा कुणी म्हटलं नाही."

 खाली गादीवाला कुणाला तरी सांगत होता की ही पाठीला चांगली.

जाताना कॅप्टनबाईनं अट घातली. भिंगरीला शाळेतून काढायचं की नाही, ते ती थांबवून धरेल. पण ज्या दिवशी हा खोका, मी लिव्हर विसरले तर मला खाली आपटेल, त्या दिवशी मला बोलवा. आणि पोरीनं माझ्यासमोर, मी एक शब्द न बोलता, वळशावर वळसे घालून दाखवायचे. मग बघू. आणि तिच्या आईची संमती मला तोंडानं हवी, असंही म्हणाली. घरातून भांडून आलेलं डोकं आभाळात नको.

चाकोबा कामाला लागला. बटण पहिल्याच दिवशी उपटलं. धूर, ब्रेकची आच, डांबराचे सांधे, सगळं त्यानं बाजूला सारून ठेवलं, पोरांनी पसरलेली खेळणी पायानं सारावीत तसं. पहिला लिव्हर प्लॅस्टिकचा होता, बोटाच्या टोकानं हलायचा. त्यानं खऱ्या विमानातला बघून लोखंडी करून घेतला. आधी बाहेर ओढायचा, मग खाली दाबायचा, अख्खा हात लागेल असा. पोट घासल्याचं गणित बसवलं. पण काहीतरी बसत नव्हतं. पत्रा घासल्याचा आवाज होता, हादरा होता, आणि तरीही ते पोट नव्हतं. त्यानं स्वतः कधी पोटावर उतरून बघितलेलं नव्हतं. बघितलेलं एकच माणूस त्याच्या माहितीत होतं.

ते तिला विचारायला त्याची जीभ उचलेना. शेवटी तो ताईकडे गेला, दारातच उभा राहून विचारलं. ताई बोलत नव्हती त्याच्याशी. ती उठून आत गेली. भिंगरी मात्र लगेच म्हणाली, जणू कुणी विचारेल याचीच वाट बघत होती.

"आवाज नंतर येतो, मामा. आधी काहीच येत नाही." तिनं पालथा हात टेबलाच्या वर धरला आणि हळूहळू खाली आणला. "इथे टेकायला हवं असं अंगाला माहीत असतं. टेकत नाही. अजून खाली जातं. अंधारात जिना संपला समजून पाय टाकावा, आणि अजून एक पायरी निघावी, तसं. तेवढ्यात कळतं. आणि तेव्हा करण्यासारखं काही नसतं."

 चाकांची उंची. चाकं नसतील तर विमान तेवढं आणखी खाली जाणार, ही साधी गोष्ट. चाकोबानं चाकांचं सगळं मोजलं होतं, चाकांच्या नसण्याला किती उंची असते ते मोजलं नव्हतं. तो परत गेला आणि ती एक पायरी खोक्यात घातली. बाकी काही घातलं नाही.

पहिल्यांदा मालक बसला. मुद्दाम लिव्हर विसरून. बाहेर आला तेव्हा त्यानं खिशातला रुमाल काढला आणि मग तो कशाला काढला ते विसरून गेला. कॅप्टनबाई आली, बसली, आपटली, काही न बोलता मान हलवली. मग भिंगरीला शेजारच्या खुर्चीत घेऊन दार लावलं. बाहेर चाकोबा आणि ढगवाली कान देऊन बसले. आतून बाईचा आवाज एकदाही आला नाही. दर वळशाला लोखंडाचा खट् आवाज मात्र येत होता, आणि त्यामागे भिंगरीचा, स्वतःशीच बोलल्यासारखा: चाकं खाली, तीन हिरवे. कॅप्टनबाई शेवटी बाहेर आली आणि म्हणाली, आता आईचं काय ते सांगा.

ताई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली. भावाकडे न बघता जिना चढली, खोक्याभोवती एक फेरी मारली, गोठ्यात नवं जनावर आलं की बघतात तशी, आणि म्हणाली, माझ्या पोरीचं त्या दिवशी काय झालं ते मला दाखव. सांगू नकोस, दाखव.

चाकोबा म्हणाला, ताई, नको. भिंगरी म्हणाली, आई, नको. ताई आत जाऊन बसली.

भिंगरी शेजारी बसली. चाकोबा मागे वाकून उभा, दोन्ही खुर्च्यांच्या पाठी धरून. भिंगरीनं विमान उडवलं, वळसा घातला. ताईनं पडद्यावरची शेतं, घरं, चकाकणारी नदी बघितली आणि तिचा जबडा जरा सैल पडला. तिला ते छान वाटत होतं, आणि छान वाटतंय म्हणून राग येत होता. मग विमान खाली येऊ लागलं. भोंगा वाजायला लागला. भिंगरीचा उजवा हात लिव्हरकडे गेला, कारण आता तो जातच होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर परत आणून ठेवला.

धावपट्टी जवळ आली. टेकायची जागा आली. टेकलं नाही. आणखी खाली गेलं.

 ताईनं मागे हात टाकून जे सापडलं ते धरलं. सापडला तो भावाचा कान. पत्रा घासत गेला, खोका थरथरला, पडदा तिरका झाला आणि गवत दिसलं. मग सगळं थांबलं. भोंगा अजून वाजत होता. चाकोबानं हात लांब करून तो बंद केला.

ताईनं कान सोडला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मागे वळून भावाकडे बघितलं.

"एवढं खरं कशाला केलंस रे?"

 उत्तर शेजारून भिंगरीनं दिलं.

"अजून कमीच आहे, आई."

ताईनं तिच्याकडे बघितलं, तिच्या ओठावरच्या व्रणाकडे बघितलं. मग तिनं समोरच्या लोखंडी लिव्हरवर हात ठेवला. हाच ना तो, म्हणून विचारलं. भिंगरी हो म्हणाली. ताईनं तो ओढून बघितला, हलला नाही. तिनं मनगट वळवून जोर लावला, आधी बाहेर, मग खाली. खट् झालं. थोड्या वेळानं एकेक करून तीन हिरवे दिवे लागले. ताई ते तिन्ही लागेपर्यंत बघत होती.

"जड आहे," ती म्हणाली.

"मुद्दाम केलाय," चाकोबा म्हणाला.

"असू दे जड." ताईनं हात पदराला पुसला, खोक्याचं दार ढकललं आणि बाहेर उभ्या कॅप्टनबाईला विचारलं, की उद्या हिला किती वाजता पाठवायचं.